दुर्बिणीचं ऑपरेशन आणि विषाणूची साथ: पोटातल्या वायूचं करायचं काय?

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांनी शल्यचिकित्सकांना कळवलं की कोविडची साथ चालू आहे तोवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो करू नका. पोटात भरलेल्या वायूबरोबर विषाणू बाहेर येऊन संसर्ग होण्याच्या धोक्यापेक्षा रुग्णाला होणारा फायदा बराच मोठा असेल तरच करा. त्याच सुमारास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संघटनांनी, म्हणजे सेजेस आणि ईएईएस यांनी, मिळून वेगळा सल्ला दिला. दुर्बिणीमुळे धोका वाढतो याला पुरावा फार थोडा आहे, पोटातला वायू गाळून बाहेर काढा आणि काम चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. भारतात तेव्हा टाळेबंदी नुकतीच लागली होती. पित्तखड्यांच्या आणि हर्नियाच्या तारखा रद्द होत होत्या. ज्यांना थांबता येत नव्हतं, त्यांचं पोट चिरून उघडायचं की दुर्बीण घालायची, हा प्रश्न प्रत्येक ऑपरेशन थिएटरपुढे होता.

यातला दुसरा सल्ला टिकला, आणि तो टिकणं योग्यच होतं असं आम्हाला वाटतं. पण त्याला एक अट जोडलेली आहे. ‘वायू गाळून बाहेर काढा’ हे चार शब्द प्रत्यक्षात पाळायला बरीच खटपट लागते. कुठला नळ आधी बंद करायचा, फिल्टर कुठे बसवायचा, पित्ताशय बाहेर कधी काढायचं, हे ठरलेलं नसेल तर ती अट कागदावरच राहते. पुढची साथ कोविडची असेल किंवा दुसऱ्या कुठल्या विषाणूची, हे तपशील कामाला येतील. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहोत.

पोट फुगवतात म्हणजे काय करतात

बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरची चीर देऊन तिथून पोटात कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आतडी, यकृत, पित्ताशय यांच्याभोवती काम करायला जागा मिळते. मोठ्या माणसाच्या पोटात साधारण ३ ते ५ लिटर वायू मावतो. इन्सफ्लेटर नावाचं यंत्र आतला दाब १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढा ठेवतं. दाब उतरला की ते आपोआप आणखी वायू सोडतं. कार्बन डायऑक्साइडच वापरतात, कारण तो कॉटरीच्या, म्हणजे विजेनं पेशी जाळून रक्त थांबवणाऱ्या अवजाराच्या, ठिणगीनं पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मग ५, १० किंवा १२ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, म्हणजे पोर्ट, पोटाच्या भिंतीतून आत बसवतात. एकीतून कॅमेरा जातो आणि बाकीच्यांतून अवजारं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात मुंबईत १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होतं.

आत पेशी कापताना रक्त थांबवण्यासाठी कॉटरी किंवा अल्ट्रासोनिक, म्हणजे अतिवेगानं थरथरणारं, अवजार वापरतात. दोन्हींतून धूर निघतो. त्यात सुमारे ९५ टक्के पाण्याची वाफ असते. उरलेल्या ५ टक्क्यांत जळलेल्या पेशींचे कण, रसायनं आणि काही वेळा जंतूंचे अंश असतात. कॉटरीच्या धुरातला कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर अल्ट्रासोनिक अवजारातून उडणारे कण ०.३५ ते ६.५ मायक्रॉनचे असतात. कोविडचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा आहे. अल्ट्रासोनिक अवजार कमी तापमानावर काम करतं, त्यामुळे त्याच्या फवाऱ्यात पेशींचे न जळलेले तुकडे राहण्याची शक्यता जास्त. कॉटरीचा धूर डोळ्यांना जास्त दिसतो म्हणून तोच वाईट, असं धरून चालणं इथे चुकतं.

उघड्या ऑपरेशनमध्ये हा धूर शल्यचिकित्सकाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर निघतो आणि लगेच खोलीत पसरतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो बंद पोटात साठतो. एका बाजूनं हे चांगलं, कारण धूर आपल्या ताब्यात असतो. दुसऱ्या बाजूनं, अर्धा-पाऊण तास साठलेला धूर दाबाखाली एकदम सुटला तर जवळ उभ्या असलेल्याला त्याचा दाट झोत लागतो. २०२० मधली भीती या झोताचीच होती.

भीती कशावर आधारलेली होती

दोन जुन्या नोंदी पुन्हापुन्हा दाखवल्या जात होत्या. १९९१ मध्ये नॉर्वेतून एका लेसर शल्यचिकित्सकाच्या घशात मस्से झाल्याची नोंद आली. त्यानं रुग्णांच्या गुदद्वार-जननेंद्रियांवरचे मस्से लेसरनं जाळले होते. २०१६ मध्ये कोरियातल्या अभ्यासात हिपॅटायटिस बी असलेल्या ११ रुग्णांच्या दुर्बिणीच्या आणि रोबोटिक ऑपरेशनमधला धूर तपासला गेला. त्यातल्या १० जणांच्या धुरात विषाणू सापडला.

दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण त्या कोविडला जशाच्या तशा लावता येत नाहीत. मस्स्यांचा विषाणू नेमका जाळल्या जाणाऱ्या पेशींतच राहतो. हिपॅटायटिस बी रक्तात प्रचंड संख्येनं असतो. कोविडचा विषाणू मुख्यतः नाक, घसा आणि फुफ्फुसांत असतो. रक्तात त्याचा माग क्वचित आणि थोडाच लागतो. विष्ठेत मात्र तो बऱ्याच रुग्णांत आढळतो, म्हणून आतडं उघडावं लागणार असेल तर सावधगिरी वाढवणं योग्य आहे. पोटातल्या द्रवाचं काय? इटलीतल्या शल्यचिकित्सकांनी २०२० मध्ये एका कोविडबाधित रुग्णाच्या पोटातल्या द्रवात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. नंतर इतरांनी केलेल्या तपासण्यांत अनेकांना तो मिळाला नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पीसीआर चाचणी विषाणूचे जनुकीय तुकडे शोधते. ते तुकडे जिवंत विषाणूचे आहेत की मेलेल्या, हे ती सांगत नाही. पोटातून कुणाला लागण व्हायची तर विषाणू पोटात जिवंत असायला हवा, उष्णतेतून वाचून धुरात मिसळायला हवा, गाळणीशिवाय बाहेर पडायला हवा आणि पुरेशा संख्येनं कुणाच्या श्वासात जायला हवा. ही साखळी पूर्ण होऊन थिएटरमधल्या कुणाला कोविड झाल्याचा ठोस पुरावा संशोधनातून पुढे आलेला नाही. साखळीच्या पहिल्या दोन कड्या आपल्या हातात नाहीत. तिसरी जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात आहे.

वायू कुठून निसटतो

सर्वात मोठी गळती बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही, ती पोर्टच्या झडपेतून होते. आपल्याकडे धातूचे पोर्ट धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, आणि एकदाच वापरायचे पोर्टही अनेक ठिकाणी पुन्हा वापरले जातात. त्यांच्या रबरी वॉशरला बारीक चिरा पडतात, भोक सैल होतं. १० मिलिमीटरच्या पोर्टमधून ५ मिलिमीटरचं अवजार रिड्यूसर (पोर्टचं तोंड लहान करणारं टोपण) न लावता घातलं तर कडेनं सतत वायू निघत राहतो. ही गळती ओळखायला वेगळं उपकरण लागत नाही. इन्सफ्लेटरकडे बघा. सक्शन, म्हणजे द्रव आणि वायू ओढून घेणारी नळी, बंद आहे, दाब ठरलेल्या आकड्यावर पोचला आहे, तर प्रवाहाचा आकडा शून्याजवळ यायला हवा. तरीही यंत्र मिनिटाला २-३ लिटर वायू सोडत राहिलं, तर तेवढाच वायू कुठून तरी खोलीत येतो आहे. एकेक पोर्ट बोटानं दाबून पाहिला की दोषी पोर्ट सापडतो. वॉशरची किंमत नगण्य असते. साथीच्या काळात ते दर ऑपरेशनआधी तपासावेत आणि संशय आला तर बदलावेत.

दुसरी गळती चिरेच्या कडेची. चीर पोर्टपेक्षा मोठी झाली की पोर्ट हलतो आणि बाजूनं फुसफुस होते. पहिला पोर्ट उघड्या पद्धतीनं बसवला असेल तर भोवती टाका आवळून घ्यावा किंवा फुग्याचा पोर्ट वापरावा. बाकीच्या चिरा पोर्टच्या मापाच्या, किंचित तंगच ठेवाव्यात.

तिसरी जागा पोर्टच्या बाजूचा छोटा नळ. कॅमेऱ्यात धूर दिसू लागला की तो नळ उघडून धूर खोलीत सोडून द्यायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. शिट्टी हातानं उचलून कुकरची वाफ सोडावी तसाच हा प्रकार, आणि झोत टेबलाशी उभ्या असलेल्यांच्या छातीच्या उंचीवर सुटतो. साथीत ही सवय पूर्ण बंद करावी लागते. न वापरात असलेल्या पोर्टचे नळ बंद आहेत की नाहीत, हे ऑपरेशन सुरू होण्याआधी सिस्टरनं मोठ्यानं विचारून घ्यावं.

चौथी वाट उलट्या दिशेची आहे आणि ती सर्वात कमी माहीत असते. पोटातला दाब यंत्राच्या दाबापेक्षा जास्त झाला, किंवा नळी जोडलेली असताना यंत्र बंद केलं, तर पोटातला वायू नळीतून मागे इन्सफ्लेटरमध्ये शिरू शकतो. म्हणून यंत्राच्या तोंडाशीच फिल्टर हवा, आणि क्रम पाळायला हवा. सुरुवातीला यंत्र आधी चालू करायचं आणि मग पोर्टचा नळ उघडायचा. बंद करताना पोर्टचा नळ आधी, यंत्र नंतर. नळी एका पोर्टवरून दुसऱ्यावर हलवायची असेल तर दोन्ही पोर्टचे नळ बंद करून मगच हलवायची.

गाळणी कशी जोडायची

फिल्टरबद्दल एक गैरसमज साथीत फार पसरला होता: हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो, विषाणू ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे तो आरपार जाणार. हे चुकीचं आहे. ०.३ मायक्रॉन हा अडवायला सर्वात अवघड आकार मानून त्यावर चाचणी घेतात. त्या आकाराचेही ९९.९७ टक्के कण हेपा अडवतो. त्याहून मोठे कण तंतूंवर सरळ आपटून अडकतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि तेही तंतूंना चिकटतात. उल्पा फिल्टर आणखी बारीक असतो, ०.१२ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९९९ टक्के अडवतो. धूर ओढणारी तयार यंत्रं उल्पा फिल्टरसह मिळतात, आणि परवडत असेल तर तीच घ्यावीत.

परवडत नसेल तर व्हेंटिलेटरच्या नळीत बसवतात तो जिवाणू-विषाणू फिल्टर कामाला येतो. तो भूलतज्ज्ञाकडे असतोच. कॅमेरा किंवा मुख्य अवजार ज्यातून जातं तो पोर्ट सोडून दुसऱ्या पोर्टच्या नळाला एक नळी जोडायची. तिचं दुसरं टोक एन्डोट्रॅकियल ट्यूबच्या (भूल देताना घशात घालतात त्या नळीच्या) १५ मिलिमीटर कनेक्टरमधून फिल्टरला जोडायचं, आणि फिल्टरच्या पलीकडे सक्शनची बाटली. जोड घट्ट आहेत का ते बघून टेप लावून घ्यायचा. फिल्टर पोर्टपेक्षा उंच टांगायचा, म्हणजे रक्त-पाणी त्याच्यापर्यंत वाहत जाणार नाही. फिल्टर भिजला की त्यातून वायू जाणं अवघड होतं आणि त्याची गाळण्याची क्षमताही भरवशाची राहत नाही. भिजला तर बदलायचा. रक्त ओढायची सक्शन वेगळी ठेवायची, आणि तिची बाटली आणि भिंतीतली सक्शन लाइन यांच्यामध्येही फिल्टर बसवायचा. तो नसेल तर पोटातला धूर गाळल्याशिवाय रुग्णालयाच्या मध्यवर्ती लाइनमध्ये जातो.

सक्शन किती वेळ चालू ठेवायची, यालाही मर्यादा आहे. भिंतीतली सक्शन मिनिटाला २० ते ३० लिटर वायू ओढू शकते. इन्सफ्लेटर तेवढा वेग देऊ शकला नाही तर पोट खाली बसतं, आतडी कॅमेऱ्यावर येतात आणि नेमकं रक्त येत असताना दिसेनासं होतं. म्हणून नळ जरासा उघडा ठेवून मंद ओढ, किंवा दोन-तीन सेकंदांचे छोटे हप्ते. मुळात धूर कमी व्हावा यासाठी कॉटरीची शक्ती कमीत कमी ठेवायची आणि एकाच जागी सलग जाळत बसायचं नाही.

भारतात अनेक ठिकाणी पोर्टची नळी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक भरलेल्या बाटलीत बुडवून वायू सोडला गेला. स्वस्त, सुटसुटीत आणि डोळ्यांना दिसणारा उपाय असल्यानं तो लोकप्रिय झाला. आमच्या मते एकटा तो पुरेसा नाही. वायू द्रवातून जाताना बुडबुड्यांच्या रूपात वर येतो. बुडबुड्याच्या कडेचे कण द्रवाला लागतात, पण मधले कण द्रवाला न शिवता पृष्ठभागावर येऊन खोलीत मोकळे होतात. शिवाय क्लोरीनचा वास थिएटरमध्ये कोंडला की घसा खवखवतो, आणि हायपोक्लोराइटचं द्रावण उजेडात, उष्णतेत लवकर कमजोर होतं, ते रोज ताजं करावं लागतं. बाटली वापरायची असेल तर फिल्टरनंतर, दुसरा थर म्हणून, आणि बंद झाकणाची.

शेवटची पाच मिनिटं

धोका सर्वात जास्त ऑपरेशनच्या शेवटी असतो. काम झालेलं असतं, सगळ्यांना घाई असते, आणि पोटात साठलेला सगळा वायू अजून आतच असतो. पित्ताशय पिशवीत घालून १० मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढायचं, त्या क्षणी पोर्ट निघतो आणि वायू भसकन बाहेर येतो. साथीत हा क्रम उलटा करावा लागतो.

आधी पिशवीचं तोंड आवळून ती पोर्टच्या तोंडाशी आणून ठेवायची. रक्तस्राव नाही ना, हे बघून घ्यायचं. मग रुग्णाला सपाट झोपवायचं, सर्वात उंचावर असलेल्या पोर्टला फिल्टरची नळी लावायची, वायू येणाऱ्या पोर्टचा नळ बंद करायचा, इन्सफ्लेटर बंद करायचा आणि पोट पूर्ण खाली बसेपर्यंत सक्शननं वायू ओढायचा. पोट हातानं हलकं दाबून उरलेला वायूही काढायचा. त्यानंतरच पिशवी बाहेर, त्यानंतरच पोर्ट बाहेर. चिरेच्या आतल्या थराचा टाका पोट रिकामं झाल्यावर घालायचा. फुगलेल्या पोटात सुई घालून टाके घेणारी जी साधनं असतात, त्यांच्या कडेनं वायू गळतो. आतला द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी खरंच गरज असेल तरच ठेवायची. एक हात पोटात घालून करायचं, हँड-असिस्टेड म्हणतात ते तंत्र या काळात टाळावं, कारण हाताभोवतीची चकती कितीही चांगली असली तरी गळते.

या क्रमानं पोट रिकामं करायला नेहमीपेक्षा काही मिनिटं जास्त लागतात. रुग्णालाही त्याचा फायदा होतो, कारण आत उरलेला वायू पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला टोचत राहतो आणि खांदा दुखतो.

दाब किती ठेवावा? शक्य तिथे १२ पेक्षा कमी, ८ ते १० मिलिमीटर पारा. कमी दाबावर गळती कमी होते आणि फुफ्फुसांवरचा ताणही कमी पडतो. पण अतिलठ्ठ रुग्णात किंवा स्नायू नीट सैल झालेले नसताना एवढ्या दाबावर पुरेसं दिसत नाही. न दिसता पित्तनलिका कापली जाण्याचा धोका विषाणूच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. तिथे दाब वाढवावा.

वायूशिवायची दुर्बीणही असते. पोटाची भिंत आतून कडीनं वर उचलतात आणि टेबलाला बांधलेल्या आधारावर टांगतात. ईशान्य भारतातल्या ग्रामीण रुग्णालयांत हे तंत्र वापरलं जातं, आणि ते मणक्यातल्या भुलेवरही करता येतं. जागा कमी मिळते, सराव लागतो. म्हणून ते सगळ्यांसाठी नाही.

डोक्याकडची बाजू आणि खोलीची हवा

कोविड श्वासमार्गाचा आजार आहे, आणि ऑपरेशनच्या वेळी श्वासमार्ग उघडा होतो तो रुग्णाच्या डोक्याशी. म्हणून घशात नळी घालताना आणि काढताना भूलतज्ज्ञ आणि त्याचा एक मदतनीस सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबावं, असा नियम झाला. नळी घालण्याची भीती सर्वांना जास्त होती. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांच्या गटानं प्रत्यक्ष कण मोजले, तेव्हा नळी घालताना अगदी थोडे कण निघाले. नळी काढताना त्याच्या सुमारे १५ पट निघाले, पण तेही जाग्या माणसाच्या एका खोकल्याच्या सुमारे ३५ व्या हिश्श्याएवढेच. म्हणजे टेबलावरच्या भूल दिलेल्या रुग्णाइतकंच लक्ष जागेपणी खोकणाऱ्या रुग्णाकडे आणि वॉर्डातून थिएटरमध्ये आणणाऱ्या वॉर्डबॉयच्या मास्ककडे द्यायला हवं. चहाच्या खोलीत मास्क काढून एकत्र डबा खाणारे सहकारीही यातच आले.

खोलीची हवा हा आपल्याकडचा कच्चा दुवा आहे. चांगल्या थिएटरमध्ये तासाला २० वेळा हवा बदलते. एवढा वेग असेल तर हवेतले ९९ टक्के कण सुमारे १४ मिनिटांत निघून जातात. १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटं, ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं लागतात. लहान नर्सिंग होममध्ये मात्र बहुधा भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत फेकतो. बाहेरची हवा आत येतच नाही. अशा ठिकाणी हेपा फिल्टरचं हलवता येणारं यंत्र ठेवता येतं, फक्त हिशोब करून. ६ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली १०८ घनमीटरची होते. तासाला ६०० घनमीटर हवा गाळणारं एक यंत्र तिथे तासाला साडेपाच वेळा हवा गाळल्याइतकं काम करतं. तशी दोन यंत्रं ठेवली तर अकरा. विकणाऱ्याच्या ‘खोलीसाठी योग्य’ या शब्दांवर न जाता तासाचा आकडा विचारावा, आणि दोन ऑपरेशनमधली मोकळी वेळ त्या आकड्यावरून ठरवावी.

एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी असेल तर कडेनं हवा येते. पीपीई घालण्यापेक्षा काढताना जास्त चुका होतात, म्हणून काढताना समोर एकजण वाचून दाखवायला हवा. वापरलेला एन-९५ रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो, प्लास्टिकचा कव्हरऑल आणि फेस-शील्ड लाल पिशवीत.

मग कोणी थांबायचं आणि कोणी नाही

रुग्णाला स्वतःला कोविड असेल तर खरा धोका त्याच्या फुफ्फुसांना आहे, आणि तो दुर्बीण वापरली तरी टळत नाही. मे २०२० मध्ये कोव्हिडसर्ज या गटानं २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांतले १,१२८ रुग्ण पाहिले. ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्या या रुग्णांपैकी ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले आणि निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसांचा त्रास झाला. यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन तातडीचं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तरी आकडा मोठाच आहे. २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी ११६ देशांतले १ लाख ४० हजारांहून जास्त रुग्ण अभ्यासले. कोविड झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ४.१ टक्के होतं, पाच-सहा आठवड्यांनीही ते ३.६ टक्के होतं. सात आठवडे उलटल्यावर ते कोविड न झालेल्यांएवढं, १.५ टक्क्यावर आलं. त्यावरून थांबता येण्याजोगी ऑपरेशनं सात आठवड्यांनी करण्याचा सल्ला दिला गेला. सात आठवड्यांनंतरही धाप किंवा खोकला टिकून असेल तर आणखी थांबावं.

हा सल्ला ज्या विषाणूच्या ज्या रूपावर आणि लसीआधीच्या ज्या काळावर बेतला होता, तो काळ सरला. नवी साथ आली तर हा आकडा नव्यानं काढावा लागेल.

वेदना न देणारे पित्तखडे आणि न अडकलेला हर्निया थांबू शकतात. खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर थांबणं महागात पडतं, कारण ती पुन्हा येऊ शकते. आतड्याचा कर्करोग थांबत नाही. अडकलेला हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स, गर्भनलिकेत राहिलेला आणि फुटलेला गर्भ यांना चाचणीचा निकाल येईपर्यंतही थांबवू नये. रुग्ण बाधित आहे असं धरून सगळी काळजी घ्यावी आणि सुरुवात करावी. साध्या अपेंडिक्सला अँटिबायोटिक हा पर्याय आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५५२ रुग्णांच्या चाचणीत अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी सुमारे १० पैकी ७ जणांना ९० दिवसांत ऑपरेशन लागलं नाही. मात्र अपेंडिक्समध्ये खडा दिसत असेल तर ४१ टक्के जणांना ते लागलं. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये खडा आहे का, हे विचारूनच हा पर्याय निवडावा.

दुर्बीण की चिरून, हे नुसत्या विषाणूवर ठरत नाही. मोठी चीर दुखते, रुग्ण खोल श्वास घेत नाही, फुफ्फुसांचे खालचे भाग मिटतात. रुग्णालयात दिवस जास्त जातात आणि तिथे लागण होण्याची संधी वाढते. म्हणून बहुतेकांसाठी दुर्बीण बरी. पण ज्याला आधीच कोविडचा न्यूमोनिया आहे आणि ऑक्सिजन लागतो आहे, त्याचं पोट फुगवलं की श्वासपटल वर ढकललं जातं आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात वाढतो. तो बाहेर टाकायला त्याच्या फुफ्फुसांत ताकद नसते. अशा रुग्णाला चीर देणं जास्त सुरक्षित ठरू शकतं, आणि तो निर्णय भूलतज्ज्ञाशी बोलून घ्यावा.

साथीच्या काळात नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये: धूर आणि वायू गाळण्याची सोय आहे का, ऑपरेशनच्या आधी ७२ तासांत आरटीपीसीआर होणार आहे का, बाधित आणि अबाधित रुग्णांचे वॉर्ड वेगळे आहेत का. चाचणी निगेटिव्ह आली तरी चव-वास गेला असेल, ताप किंवा खोकला असेल, तर ते लपवू नये. सुरुवातीच्या दिवसांत चाचणी चुकू शकते.

घरी गेल्यावर एक ते तीन दिवस खांदा दुखणं, विशेषतः उजवा, हे उरलेल्या वायूचं लक्षण आहे आणि ते आपोआप थांबतं. ताप, वाढता खोकला, जिना चढताना नवी धाप किंवा एका पोटरीत सूज आणि दुखणं हे ‘भुलेमुळे असेल’ म्हणून सोडू नये. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं, आणि ऑपरेशन कधी झालं ती तारीख तिथे सर्वात आधी सांगावी.